पॅलेट ४.४९ घ्यावं की ४.५२? डोक्याचं माप, नळीतली बसण आणि साइझिंग डायचा प्रश्न

लातूर_दहामीटर

नमस्कार मंडळी. आमच्याकडं मुलांच्या सरावाला साइड लिव्हरची (बाजूची दांडी ओढून भरायची) पीसीपी मॅच रायफल आहे, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी दहा मीटरची एअर रायफल, बोअर (नळीचं आतलं माप) ४.५ मिमी. आतापर्यंत ०.५३ ग्रॅमचं, चपट्या तोंडाचं, ४.५० मिमी डोक्याचं पॅलेट (शिशाची छोटी गोळी) चालू होतं. रायफल व्हाइसमध्ये धरून दहा शॉटचा ग्रुप (एकाच जागी नेम धरून पडलेल्या भोकांचा पुंजका) काढला की बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साधारण ६ मिमी यायचा. आता दुकानदाराकडं ४.५० शिल्लक नाही. त्याच कंपनीचे ४.४९ आणि ४.५२ असे डबे मिळाले.

४.४९ टाकलं तर ग्रुप उभा ताणला जातो, ८.५ मिमीपर्यंत, आणि मधूनच एखादा शॉट खाली उतरतो. ४.५२ ला बोल्ट (पॅलेट नळीत ढकलणारा दांडा) शेवटच्या टप्प्यात जड लागतो. ग्रुप गोल राहतो, पण ७ मिमीच्या खाली येत नाही.

काडतुसाची केस (पितळी कवच) डायमधून (नेमक्या भोकाच्या साच्यातून) काढून चेंबरला (काडतूस बसायच्या जागेला) बसवतात, तसं ४.५२ चं पॅलेट डायमधून ढकलून ४.५० करता येईल का? एमआयडीसीतल्या टर्नरकडून असा डाय करून घ्यावा म्हणतो. दुसरं म्हणजे, डब्यातलं एकेक पॅलेट मायक्रोमीटरनं मोजून निवडण्यात अर्थ आहे का? आणि आपल्याकडच्या उन्हात, पारा ४२ वर गेला की शिसं फुगून मापात फरक पडतो, असं एकानं सांगितलं. ते खरं आहे का?

वाळूज_टूलरूम

डायचं आधी सांगतो, कारण पैसे तिथंच वाया जातील.

टर्नरला ४.५० चं भोक सांगितलं की तो एच ७ चा रीमर लावणार. रीमर म्हणजे भोक मापाला आणायचं हत्यार, आणि एच ७ म्हणजे मापात किती चूक चालेल याची ठरलेली श्रेणी. ३ ते ६ मिमीच्या भोकाला एच ७ म्हणजे शून्य ते अधिक १२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). म्हणजे ड्रॉइंगप्रमाणं अगदी बरोबर निघालेलं भोक ४.५०० ते ४.५१२ मध्ये कुठंही असू शकतं. डब्यांच्या लेबलांवरच्या मापांचा एक टप्पा, म्हणजे ०.०१ मिमी, आहे १० मायक्रॉनचा. तेवढा टप्पा टॉलरन्सनंच (चालणाऱ्या चुकीनंच) गिळला. एच ६ घेतलं तरी ८ मायक्रॉन. रीमर मारून, मग लॅपिंग करून (बारीक घासून), पिन गेजनं (नेमक्या मापाच्या सळईनं) तपासत गेलं तर नेमकं माप मिळतं, पण ते टूलरूमचं काम आहे, साध्या लेथवरचं नाही. शिवाय आतला पृष्ठभाग आरशासारखा नसेल तर शिसं खरवडलं जाईल, आणि डायच्या तोंडाला गोलसर उतार नसेल तर पॅलेटची कड कापली जाईल.

समजा डाय उत्तम झाला. तरी डाय फक्त लहान करतो, आणि डोकं तेवढं धरून लहान करत नाही. पॅलेटचा स्कर्ट (मागचा पसरट, पोकळ भाग) डोक्यापेक्षा मोठा असतो. ४.५० च्या भोकातून पॅलेट आरपार गेलं की स्कर्टही ४.५० चा झाला. नळीच्या खाचा भरून हवा अडवायचं काम स्कर्टचं आहे. तोच बारीक केला तर मागून हवा निसटणार. शिकारी पॅलेट किंवा स्वस्त डब्यातलं वेडंवाकडं पॅलेट सारखं करून घ्यायला लोक साइझर वापरतात, तिथं त्याचा उपयोग होतोही. कारखान्यातून नीट आलेल्या मॅच पॅलेटवर तो लावणं म्हणजे चांगला माल बिघडवणं.

मायक्रोमीटरचं असं की शिसं मऊ. रॅचेट एक टिचकी जास्त फिरला की पॅलेट तिथंच चेपतं आणि तुम्ही चेपलेलं माप वाचता. ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्निअरनं तर ४.४९ आणि ४.५० वेगळं ओळखूच येत नाही. मोजायचंच असेल तर चढत्या मापाच्या भोकांची पॅलेट गेजची पट्टी मिळते. पॅलेट डोक्याच्या बाजूनं भोकावर अलगद सोडायचं, दाबायचं नाही. ज्या भोकात डोकं उतरतं आणि त्याच्या आधीच्यात अडकतं, ते त्याचं माप. त्यानं डबा किती एकसारखा आहे एवढं कळतं. लेबलवरचा ४.५० हा नाममात्र आकडा आहे. एका कंपनीचं ४.५० दुसऱ्या कंपनीच्या ४.५० सारखं बसेलच असं नाही.

उन्हाचा हिशोब सोपा आहे. शिशाचा रेषीय प्रसरण गुणांक अंशाला साधारण २९ दशलक्षांश. २० वरून ४२ अंशांवर गेलं तर ४.५ मिमीत वाढ ३ मायक्रॉनच्या आत. पोलादी नळीही एक मायक्रॉनच्या वर वाढते. उरला फरक दोन मायक्रॉनपेक्षा कमी. उन्हानं पॅलेट बसत नाही हे डोक्यातून काढा.

हवेच्या सिलिंडरला मात्र ऊन लागतं. २५ अंशांवर २०० बार भरून तो बंद गाडीत ठेवला आणि आत ६० अंश झालं, तर दाब सव्वादोनशे बारच्या जवळ जातो. उन्हाळ्यात काठोकाठ भरू नका आणि गाडीत ठेवू नका.

गोदाकाठ_रेंज (नांदेड)

टूलरूमवाल्यांनी डायचं नीट सांगितलं. मी नळीच्या बाजूनं सांगतो.

पॅलेटचे तीन भाग: डोकं, कंबर, स्कर्ट. मॅच नळीत बहुधा बारा खाचा असतात. डोकं खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर टेकून सरकतं, त्यानं पॅलेटचं नाक नळीच्या मधोमध राहतं. स्कर्ट खाचांत घुसतो, फिरकी घेतो आणि हवा अडवतो. डोकं ढिलं असलं तर पॅलेट फक्त मागच्या कडेवर उभं राहतं आणि नाक एका बाजूला कलतं. कललेलं पॅलेट तोंडातून सुटलं की दर वेळी वेगळ्या दिशेला जातं. डोकं जास्त घट्ट असलं तर उंचवटे त्यात खोल रुततात, सरकायला जोर लागतो आणि वेग कमी होतो, पण तो बहुतेक सगळ्याच शॉटना सारखाच कमी होतो. म्हणूनच तुमचा ४.५२ चा ग्रुप थोडा मोठा असला तरी गोल आहे, आणि ४.४९ चा ताणलेला आहे.

उभा ताण म्हणजे वेग मागेपुढे होतोय. आकडे घ्या. १७० मीटर प्रति सेकंद वेगानं १० मीटरला पोचायला ०.०५९ सेकंद लागतात, तेवढ्यात पॅलेट सुमारे १७ मिमी खाली येतं. वेग १६० झाला तर १९.२ मिमी. म्हणजे दहाचा फरक पडला तर शॉट २.२ मिमी खाली. तीनचाच फरक असेल तर ०.६ मिमी. हवेचा रोध धरला तर आकडे थोडे वाढतात, पण अंदाजाला हे पुरेत.

हे गुणांत काय होतं ते मुलांना पाठच करून द्या. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं, म्हणजे प्रत्येक रिंग २.५ मिमीनं सरकते. दशांश गुणांत ०.१ म्हणजे ०.२५ मिमी. पॅलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ०.२५ मिमीच्या आत असेल तर १०.९, आणि २.५ मिमीपर्यंत गेलं तर १०.०. तुमचा ६ मिमीचा ग्रुप घ्या. पॅलेटचे ४.५ वजा केले तर केंद्रापासून केंद्र १.५ मिमी, म्हणजे साइट नीट असेल तर सगळ्यात वाईट शॉट ०.७५ मिमी दूर, १०.७. ८.५ च्या ग्रुपमध्ये केंद्रापासून केंद्र ४ मिमी, वाईट शॉट २ मिमी दूर, १०.२. पोरगं अजून खांद्याला रायफल लावायचं आहे, त्याआधीच अर्धा गुण गेला. साठ शॉटच्या मॅचमध्ये आठवी आणि नववी जागा यांत कधी कधी इतकंच अंतर असतं.

आता पॅलेटला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. एक, सिलिंडरचा दाब. गेज खालच्या हद्दीला आला की रेग्युलेटर (दर शॉटला सारखा दाब देणारा भाग) पुरेशी हवा देत नाही आणि शॉट आपोआप खाली उतरायला लागतात. तुलना करताना सगळे डबे गेजच्या मधल्या पट्ट्यातच मारा. दोन, ब्रीचची (नळीच्या मागच्या, पॅलेट भरायच्या तोंडाची) ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी. ती चिरली किंवा चपटी झाली की हेच लक्षण दिसतं. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या फटीजवळ धरा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, पॅलेट टाकून, पॅलेट ट्रॅपमध्ये (शॉट अडवणाऱ्या पेटीत) शॉट सोडा. पट्टी हलली तर हवा निसटतेय. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर सगळ्यात बरं: तिन्ही मापांचे सलग दहा-दहा वेग लिहून इथं टाका.

चाचणी कशी करायची तेही सांगतो, कारण चुकीच्या चाचणीवर लोक शंभर डबे घेऊन बसतात. व्हाइसमध्ये रायफल बॉडीकडून धरा, नळी कधीच आवळू नका. नळी दाबली की तिची कंपनं बदलतात आणि ग्रुप दुसऱ्याच रायफलीचा येतो. व्हाइस टेबलाला, टेबल जमिनीला पक्कं. डबा बदलला की पहिले पाच-सात शॉट मोजू नका, आधीच्या पॅलेटचं शिसं आणि वंगण नळीतून जाऊ द्या. मग दहा शॉट एका भोकात, ताज्या जाड कार्डावर. पाच शॉटचा ग्रुप फसवा असतो, कुठलंही पॅलेट पाचात चांगलं दिसू शकतं. प्रत्येक डब्याचे निदान तीन ग्रुप काढा, आणि तेही आलटून पालटून: ४.४९, ४.५२, पुन्हा ४.४९. सगळे ४.४९ सकाळी आणि सगळे ४.५२ दुपारी असं केलं तर दाब, पंख्याचा वारा, व्हाइसचा सैलपणा, सगळं मापाच्या खात्यात जातं.

तीन ग्रुपांत सगळ्यात छोटा कोणता हे बघू नका. सगळ्यात मोठा कोणता ते बघा. मॅचमध्ये तोच शॉट येणार आहे.

लातूर_दहामीटर

धन्यवाद, सर. क्रोनोग्राफ मिळाला. दाब मधल्या पट्ट्यात ठेवला होता. शिल्लक राहिलेल्या ४.५० चे वेग १६९ ते १७२. ४.५२ चे १६७ ते १६९. ४.४९ चे १६३ ते १७१. टिश्यूची पट्टी हलत नाही.

मग ओ-रिंग ठीक धरायची ना? आणि ४.५२ वर ७ मिमीचं समाधान मानायचं का?

गोदाकाठ_रेंज (नांदेड)

ओ-रिंग ठीक. ती खराब असती तर ४.५० लाही वेग असाच पसरला असता. ४.४९ तुमच्या नळीला ढिलं आहे, हा विषय संपला. १६३ आणि १७१ मधल्या फरकानं १.७ मिमी उभा ताण येतो. ग्रुप त्याहूनही मोठा झालाय, ते नाक कलल्यामुळं.

४.५२ वर थांबू नका. मधलं ४.५१ मिळतं का बघा, आणि दुसऱ्या कंपन्यांचं ४.४९, ४.५० सुद्धा मागवा. आर डब्ल्यू एसचं आर-१०, एच अँड एनचं फिनाले मॅच, जे एस बीचं मॅच, एकेक डबा. ०.५३ ग्रॅमच्या आसपासचंच घ्या. पिस्तूलचं हलकं पॅलेट रायफलीत चालतं, पण तुलनेत गोंधळ नको. आकडा तोच असला तरी डोक्याची कड, स्कर्टची जाडी आणि शिशाचा मऊपणा कंपनीप्रमाणं बदलतो. नळीला काय आवडतं ते नळीच सांगते.

परभणी_स्टँडिंग

लातूरकर दादा, बोल्ट जड लागतो म्हणालात त्यावर दोन शब्द. साइड लिव्हरच्या रायफलीत पॅलेट ट्रेवर ठेवतात आणि बोल्टची टोकदार पिन ते नळीत ढकलते. किती खोल बसवायचं ते पिनच ठरवते, बोटाचा काही संबंध नाही. पण ट्रेवर पॅलेट जरा तिरकं पडलं तर स्कर्टची कड नळीच्या तोंडाला घासते आणि एका बाजूनं दुमडते. मोठ्या डोक्याच्या पॅलेटला हे जास्त होतं. म्हणून ४.५२ चे काही शॉट काढताना मुलांना सांगा, लिव्हर सावकाश लावा, पॅलेट सरळ आहे ते डोळ्यांनी बघा. लिव्हर जोरात आपटून लावायची सवय असेल तर ग्रुपमधला अर्धा मिलिमीटर तिथंच सापडेल.

ब्रेक बॅरल (नळी खाली वाकवून भरायच्या) एअरगनवर शिकणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथं अंगठ्यानं बसवतात. स्कर्ट ब्रीचच्या पातळीत आला की थांबायचं, दर वेळी तेवढंच. कुणी आत दाबतं, कुणी बाहेर ठेवतं, आणि नाव पॅलेटचं होतं.

डबा आला की आधी उघडून बघा. पुण्या-मुंबईहून पार्सल खड्ड्यांतून येतं, आतला फोम सरकलेला असला तर स्कर्ट चेपलेले मिळतात. पॅलेट ताटलीत ओतू नका, डबा तिरका करून बोटानं एकेक घ्या. स्कर्ट उजेडासमोर धरून भोक गोल आहे का एवढं बघा. चेपलेलं पॅलेट वेगळ्या डब्यात, सरावाच्या पहिल्या शॉटना.

नळीची साफसफाई कुणी विचारली नाही, पण माप ठरवताना ती मोठी गोष्ट आहे. स्वच्छ केलेली नळी लगेच ग्रुप देत नाही, शिशाचा पातळ थर बसायला दहा-वीस शॉट लागतात. आज साफ करून लगेच ४.४९ मारलं आणि मग ४.५२ मारलं तर ४.५२ जिंकणारच. साफ करायचं तर फेल्टनं (जाड लोकरी तुकड्यानं), ब्रीचकडून तोंडाकडं. तोंडाकडून लोखंडी दांडा घालू नका. बऱ्याच मॅच नळ्यांना तोंडाशी किंचित चोक (आतलं माप जरा अरुंद) असतो, त्या शेवटच्या दोन इंचांतच पॅलेटची दिशा पक्की होते. तिथं ओरखडा पडला तर कुठलंच माप कामाला येणार नाही.

आणि हे मुलांचं केंद्र आहे म्हणून कळकळीनं सांगते: पॅलेट तोंडात धरायचं नाही, एका हातात पॅलेट आणि दुसऱ्यात पोळी तर मुळीच नाही. सराव संपला की साबणानं हात. ट्रॅपजवळची धूळ कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं.

जालना_५०मी

मी थोडा वेगळा बोलतो. आधी सगळे ४.५२ तोलून, वजनाप्रमाणं वेगळे करून बघा, ७ चा ग्रुप ६.५ होईल. आणि पॅलेट धुऊन, हलकं सिलिकॉन तेल लावून मारा. कारखान्याचं वंगण एकसारखं नसतं.

गोदाकाठ_रेंज (नांदेड)

भाऊ, वजनाचा हिशोब करून बघा. मॅच पॅलेटमध्ये वजनाचा फरक एक टक्का धरला, तर वेग अर्धा टक्का हलतो, म्हणजे ०.८५ मीटर. शॉट हलतो ०.१७ मिमी. एक दशांश गुणसुद्धा नाही. तेवढ्या वेळात स्कर्ट बघितले तर जास्त मिळेल. पन्नास मीटरला लांबवर वजनाचा परिणाम वाढतो हे बरोबर, पण हा दहाचा प्रश्न आहे. धुण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात डब्यात पांढरी भुकटी दिसली तर तो डबा बाजूला काढा. चांगल्या डब्याला पाणी लावलं की शिशाचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि ती भुकटी लवकर चढते. तेलाचा थर प्रत्येक पॅलेटवर सारखा ठेवणं घरी जमत नाही, त्यानं वेगाचा पसारा वाढतोच.

निवृत्त_आर्मरर (संभाजीनगर)

मूळ प्रश्नात काडतुसाचा दाखला आला म्हणून लिहितो. तिथलं साइझिंग आणि इथलं साइझिंग यांत नावाशिवाय साम्य नाही.

पितळी केस शॉटच्या दाबानं फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, गॅस मागं येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आखडते म्हणून बाहेर काढता येते. पितळाला हा लवचिकपणा आहे. पुढच्या वेळी ती चेंबरमध्ये जावी म्हणून डायमधून काढून खांदा (केस मानेकडं निमुळती होते तो उतार) मागं ढकलतात, बोल्ट रायफलीत साधारण ०.०२५ ते ०.०५ मिमी. जास्त ढकलला तर केसला चेंबरमध्ये लांबीच्या दिशेनं मोकळी जागा मिळते, दर शॉटला बुडाच्या वरची भिंत ताणली जाते, तिथं बाहेरून चमकदार कडं आणि आतून खाच उमटते आणि शेवटी बूड तुटून वेगळं होतं. म्हणजे तिथं साइझिंग करतात ते सुरक्षित आणि पुन्हा वापरण्याजोगी बसण मिळावी म्हणून. पॅलेट एकदाच वापरायचं असतं, शिशाला परत यायचा लवचिकपणा नाही, आणि दाबही त्या मानानं अगदी कमी. डायमधून काढलेलं पॅलेट जसं दाबलं तसंच राहतं.

पन्नास मीटरवाल्यांसाठीही: .२२ रिमफायरची केस पुन्हा भरता येत नाही. स्फोटक मिश्रण रिमच्या (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या) आत असतं आणि पिननं रिम चेपलेली असते. तिथं लोक रिमची जाडी मोजून काडतुसं वेगळी करतात, कारण चेंबरमध्ये काडतूस रिमवरच टेकतं. आणि आपल्या देशात काडतूस तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणं परवाना लागतो, तेव्हा घरी पितळ साइझ करायचा विचार कुणी करू नये.

वाळूज_टूलरूम

लातूरकर, शेवटचं एक, खरेदीचं. चांगला ग्रुप देणारं माप सापडलं की डब्यावरच्या स्टिकरवरचा लॉट नंबर (कारखान्यातल्या कोणत्या खेपेचा माल ते) लिहून घ्या आणि त्याच लॉटचे डबे एकदम मागवा. ४.५० लिहिलेला पुढचा लॉट वेगळ्या साच्यातून निघालेला असू शकतो. डब्यात ५०० येतात. दहा डबे म्हणजे ५०००, एका मुलाचा हंगाम त्यात निघतो. प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली कागद चिकटवा: लॉट, कोणती रायफल, वेगाची हद्द, तीन ग्रुपांतला सगळ्यात मोठा. दुसरी रायफल आली तर तिची चाचणी वेगळी. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन नळ्याही एकच लॉट पसंत करतील असं नाही.

लातूर_दहामीटर

डायचा विचार सोडला. ४.५१ आणि दुसऱ्या दोन कंपन्यांचं ४.५० मागवलंय. ४.४९ चे डबे ब्रेक बॅरलवाल्या नव्या मुलांच्या हाती देतो, त्या नळ्यांत अंगठ्याला घट्ट लागतंय. डबे आले की आलटून पालटून ग्रुप काढून वेगासकट इथं टाकतो.